त्वेरचा जागेवाला

“गाव कसं आहे ते विचारलंत का कुणी?” कुसुमआत्या म्हणाल्या, तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

माझी नणंद उर्वी डॉक्टरकी शिकायला रशियात निघाली होती. इथली सीट थोडक्यात हुकली आणि त्वेर नावाच्या गावातल्या कॉलेजात मिळाली. सलिल, म्हणजे माझा नवरा, लॅपटॉपवर सगळं दाखवत होता: मान्यता, हॉस्टेल, भारतीय मेस. आत्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. वेळणेश्वरच्या शाळेतून निवृत्त होऊन रत्नागिरीत आमच्याकडे आल्या, त्याच सुमारास सासूबाई गेल्या. आई गेलेल्या उर्वीला मग त्यांनीच वाढवलं.

“अगो मनस्विनी, तू तरी इतिहास शिकलेली. मुलगी द्यायची तर आपण गाव बघतो ना? पाणी कसं, वाट कशी, माणसं कशी? हिला तिथे एवढी वर्षं काढायची नि गावाची चौकशी शून्य!”

“आत्या, आपण तिचं लग्न नाही लावत. कॉलेज बघितलंय, तिला गावाशी काय करायचंय?”

“मग राहायची कुठे, कॉलेजात?”

“ताई, तू आधी जाऊन ये,” आप्पा, माझे सासरे, म्हणाले. “नदीला पाणी बारमाही आहे का तेवढं बघ.”

तो विषय तिथेच संपला. उर्वी गेली. पहिली दोन वर्षं बरी गेली. तिच्यासोबत चिपळूणच्या दोन सीनियर मुली होत्या, तिघींनी हॉस्टेल सोडून नदीकाठी एक जुना फ्लॅट भाड्याने घेतला होता. मग त्या दोघी शिकून परत आल्या आणि तिसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात उर्वी त्या फ्लॅटमध्ये एकटी उरली.

माझा मुलगा ऋत्विक तेव्हा अंगावर पीत होता. तान्हं मूल सांगत काहीच नाही, सगळं बघून ओळखावं लागतं. रडणं भुकेचं की कानाचं, हात गरम का लागतोय, आज डोळे असे का दिसतात. ती सवय लागली की ती मुलापुरती राहत नाही. दिवेलागणीला मी उर्वीला व्हिडिओ कॉल करायची. तिकडे तेव्हा दुपारचे चार वाजलेले असत आणि तिकडेही अंधारच असे. अंगात रोज तोच राखाडी स्वेटर. मागचा पडदा रोज तसाच ओढलेला. मग मग फोन टेबलावर उताणा राहायला लागला, म्हणजे मला दिसायचं ते छत.

“जेवलीस?”

“हो.”

“काय?”

“जेवले गं, वहिनी.”

काय जेवलं ते सांगत नाही तो माणूस जेवलेला नसतो. मी विचारलं, “कॉलेजला गेली होतीस?” ती म्हणाली, “बर्फ आहे.” तिथे नोव्हेंबरपासून बर्फच होता. आधीची दोन वर्षं ती बर्फातूनच जात होती.

एकदा ती आपणहून बोलली. “दुकानात बाईने विचारलं, पिशवी हवी का. मी हो म्हटलं. या आठवड्यात तेवढंच बोलले असेन मी कुणाशी.” आणि हसली. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

घरात वाद सुरू झाले. सलिल म्हणे, परत आणू या तिला, जीव महत्त्वाचा. आप्पा म्हणत, अर्ध्यावर सोडून आली तर आयुष्यभर स्वतःला माफ करणार नाही ती, तिला तुम्ही ओळखत नाही. दोघांचंही खरं होतं. मी तिला विचारलं, तर म्हणाली, “तुम्ही सांगाल तसं.” उर्वी आमच्या सांगण्याने कधी आंघोळीलासुद्धा गेलेली नव्हती. मला भीती वाटली ती त्या वाक्याची. तिथे तिच्या दारावर थाप मारील असं एक माणूस नव्हतं, आणि इथून आम्ही किती हात लांब करणार?

तेव्हा आत्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. “काय गो, जागेवाल्याला नारळ दिलास का?”

कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते. प्रत्येक जागेला तिचा एक धनी असतो, कागदावरच्या मालकाच्या आधीचा. तो दिसत नाही. नव्या घरात राहायला गेलं की त्याला नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं: आम्ही अमुक, इथे राहायला आलोय, सांभाळ. मी ह्याच्यावर विश्वास ठेवते का, असं कुणी विचारलं तर मला धड उत्तर देता येत नाही. ऋत्विकला घेऊन माहेरी, लांज्याला, गेले होते तेव्हा आईने ठेवलेल्या नारळाला मी नमस्कार केला होता एवढं खरं.

“आत्या, इथे कुठला जागेवाला?” उर्वी म्हणाली.

“जागा आहे ना? मग आहे. उद्या नारळ आण.”

नारळ मिळाला. तिकडच्या मोठ्या दुकानात मिळतो, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, गुळगुळीत तासलेला. उर्वीने तो कॅमेऱ्यासमोर धरला, तशा आत्या दचकल्या.

“शेंडी कुठे आहे?”

“नसते इथे.”

“बोडका नारळ देवाला? शिव शिव!”

“ताई,” आप्पा पेपरामागून म्हणाले, “त्या देवाला काय ठाऊक शेंडी असते म्हणून?”

“तेही खरं. असू दे. आता खाली जा, घराच्या दाराशी उजव्या अंगाला ठेव. पायाखाली येता कामा नये.”

कित्येक दिवसांनंतर उर्वी घराबाहेर पडलेली आम्ही पाहिली. फोन हातात, श्वासाची वाफ पडद्यावर. पाच मजल्यांची जुनी इमारत, दारापाशी बर्फाचा ढीग, आणि त्यातून जेमतेम डोकं काढलेलं एक लाकडी बाक. खाली ठेवला तर नारळ बर्फात बुडेल, म्हणून तिने हातमोज्याने बाक झाडलं आणि त्यावर ठेवला. इकडे आत्या उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर घेतला आणि फोनकडे बघत त्यांनी गाऱ्हाणं घातलं. “बा जागेवाल्या, आमची पोर तुझ्या राज्यात आहे. आम्ही समुद्राकाठची माणसं, लांब आहोत. तिचं काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घे. तिला एकटी पडू देऊ नको.”

“त्याला मराठी येतं का?” आप्पा म्हणाले, पण हळू. पेपर त्यांनी खाली ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी उर्वीचा फोन भलत्याच वेळेला आला. मी ऋत्विकला भरवत होते.

“वहिनी, घोटाळा झालाय.”

सकाळी तिच्या दारावर कुणीतरी थडाथडा हात मारला. उघडलं तर तळमजल्यावरची म्हातारी, गालीना पेत्रोव्ना. कधी ओळखीचं हसलेली नाही, जिन्यात पाय आपटून बर्फ झाडा म्हणून ओरडणारी. तिच्या हातात नारळ, आणि ती रडत होती. उर्वीला रशियनमध्ये हृदय, फुप्फुस, नाडी, सूज सगळं सांगता येई, पण असं बोलणं समजायला वेळ लागला. बाक म्हातारीच्या नवऱ्याचं होतं. त्यानेच केलेलं, संध्याकाळी तो तिथेच बसायचा. तो वारला होता, आणि नारळ ठेवला तो नेमका त्याचा चाळिसावा दिवस. त्यांच्याकडे मेलेल्या माणसासाठी त्या दिवशी काहीतरी ठेवतात, घास, पेला. अख्ख्या इमारतीत कुणाला आठवण राहिली नाही, मुलगा लांब सैबेरियात, आणि ह्या परक्या मुलीने त्याच्या जागेवर फळ ठेवलं.

“मी सांगणार होते,” उर्वी म्हणाली. “खरंच सांगणार होते. पण तिने माझे हात धरले. मग नाही सांगितलं.”

मी काय बोलावं ते ठरवत होते, तोवर आप्पांनी ऐकलं. “म्हणजे पार्सल चुकीच्या पत्त्यावर गेलं.”

“चुकीच्या कसं?” आत्या म्हणाल्या. “जागेवर बसायचा तो जागेवाला. आणि नारळ बोडका होता तरी गेला हो बरोबर.”

मला मात्र दोन दिवस ते टोचत राहिलं. कुणाच्या दुःखात आपण खोट्या ओळखीने शिरलो, असं. सलिलला म्हटलं, तर तो म्हणाला, “तू उर्वीचा आजचा आवाज ऐकलास का?” ऐकला होता. तिने आपणहून सांगितलं होतं की म्हातारीकडे बटाट्याचं सूप आणि काळा पाव खाल्ला.

गालीनाबाई शाळेत भूगोल शिकवायच्या. हे कळल्यावर आत्यांचा जीव भांड्यात पडला. शाळामास्तरीण आहे म्हणजे पोर वाया जायची नाही. बाईंना चालायला सोबत हवी होती, बर्फात एकटीने पडायची भीती. उर्वी त्यांचा हात धरून निघायची, आणि बाई चालता चालता गाव सांगायच्या. रोज संध्याकाळी ते गाव फोनवरून आमच्या स्वयंपाकघरात यायचं. मी ते पुस्तकांतून, नेटवरून पडताळत बसायची. आत्यांनी विचारायला सांगितलेली चौकशी अशी तीन वर्षं उशिरा सुरू झाली.

त्वेर व्होल्गेच्या काठी आहे, मॉस्को आणि पीटर्सबर्गच्या मधल्या वाटेवर. गाड्या थांबतात, चार माणसं उतरतात, गाडी पुढे जाते. मी लांज्याची. महामार्गावरचं गाव म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. मुंबईहून गोव्याला जाणारे आमच्याकडे चहा पितात, मोरी शोधतात, काजू घेतात नि विचारतात, अजून किती राहिलं? अशा गावाला एक अबोल रुसवा असतो. त्वेरलाही आहे. कारण कधीकाळी ते मॉस्कोच्या तोडीचं होतं. तिथले राजे आणि मॉस्कोचे राजे एकाच गादीसाठी भांडत. त्वेर हरलं. मॉस्कोवाल्याने त्यांच्या मोठ्या देवळातली घंटा उतरवून नेली. ह्याला जवळजवळ सातशे वर्षं होतील, पण गालीनाबाई सांगताना असं सांगायच्या की जणू परवा ट्रकमध्ये घालून नेली.

“आपल्याकडच्या देवळांत फिरंग्यांच्या चर्चमधून काढून आणलेल्या घंटा आहेतच की,” आत्या म्हणाल्या. मग, “त्यांच्याकडेही कुणी म्हातारी अजून बोलत असेल.”

पुढे कधीतरी गाव जळलं. राणी कॅथरीनने ते दगडी बांधून दिलं. एका चौकातून तीन सरळ रस्ते फुटतात, नकाशावर बघितलं तर त्रिशूळ. हे ऐकल्यावर आत्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला की ग्रामदैवत शंकर. वेळणेश्वरात जन्म काढलेल्या बाईला दुसरं काही पटवणं शक्य नव्हतं. मग क्रांती. घंटा गेलेलं ते मोठं देऊळ सुरुंग लावून पाडलं, ते आता आता पुन्हा बांधलंय. गावाचं नाव बदलून एका पुढाऱ्याच्या नावावर कालिनिन केलं, साठेक वर्षांनी परत त्वेर. “मी जन्मले कालिनिनमध्ये, मरेन त्वेरमध्ये, आणि घर एकदाही बदललेलं नाही,” हा बाईंचा आवडता विनोद. जर्मनांनी दोन महिने गाव धरलं होतं, तेव्हा त्यांची आई तळघरात राहिली. बाहेर आली तर नदीवरचा पूल पडलेला. ती त्याबद्दल एवढंच सांगायची की त्या वर्षी बटाटे गोड लागले, गारठल्यामुळे.

त्या गावाच्या लोकांना बाकीचे रशियन बोकड म्हणून चिडवतात. गावाने काय केलं, तर बोकडांचं संग्रहालय काढलं. “हे मात्र आपल्यासारखं,” आप्पा म्हणाले. “कोकण्याला चिडवून बघा.” काही वर्षांपूर्वी नदीवरच्या जुन्या बोटस्थानकाचा मधला भाग मनोऱ्यासकट कोसळला. बाईंनी आवाज ऐकला होता. “कुणी मेलं नाही,” त्या म्हणायच्या, “म्हणून कुणी फारसं विचारलंही नाही.”

आणि नदीकाठी एक पुतळा आहे. पंधराव्या शतकातला त्वेरचा व्यापारी, तो फिरत फिरत आपल्या देशात आला, चौलला उतरला, आणि परतीला जहाजात चढला ते दाभोळहून.

“दाभोळ?” आत्या ताडकन उठल्या. “आपल्या दाभोळातून? बघ! आधीच सोयरीक आहे. मी विचारा म्हणत होते ते काय उगाच?”

पुढचं मी वाचलं होतं. तो माणूस घरी पोचला नाही. जवळ आलेला असताना वाटेतच वारला. ते मी घरात कुणाला सांगितलं नाही, उर्वीला तर नाहीच. तिनेच एक दिवस विचारलं, “वहिनी, तुला माहीत होतं ना, तो पोचला नाही ते?”

“होतं.”

“गालीनाबाईंनी सांगितलं. त्याच्या पायाशी उभं राहून.” फोन आता उताणा नसे, तिचा चेहरा दिसायचा. “मला वाटलं होतं की ऐकून मला वाईट वाटेल. पण तिथे मुलं घसरगुंडी खेळत होती त्याच्या कट्ट्यावरून. मी पण एकदा घसरले.”

तेव्हा मी सलिलला म्हटलं, परत आणायचं आता बोलू नकोस.

एकदा मात्र आमची पंचाईत झाली. बाईंनी उर्वीला विचारलं, तुझं गाव कसं आहे? ही म्हणाली, आंबा. त्या म्हणाल्या, ते झाड झालं, गाव सांग. तर हिला सुचेना. मला फोन. मी इतिहासाची एम.ए., तरी अडखळले. समुद्र, किल्ला, दीपगृह... मग म्हटलं, ब्रह्मदेशचा राजा सांग, इंग्रजांनी राज्य घेऊन त्याला इथे आणून ठेवलं होतं, इथेच गेला बिचारा. उर्वीने ते सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “गावातलं कुणी त्याला भेटायला जायचं का?”

मला ठाऊक नव्हतं. आप्पांना नव्हतं. आत्या म्हणाल्या, “जात असेल कुणीतरी भाजी घेऊन.” पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. आम्ही पर्यटकांना त्याचा राजवाडा दाखवतो आणि इतकं साधं कधी विचारलं नव्हतं.

उर्वी शिकून गेल्या उन्हाळ्यात परत आली. निघताना गालीनाबाईंनी तिला सामानासकट खुर्चीत बसवलं आणि स्वतःही बसल्या, न बोलता. प्रवासाआधी असं बसतात त्यांच्याकडे. स्टेशनवर त्या आल्या नाहीत, गुडघे दुखत होते. नारळाचं खरं काय ते उर्वीने त्या बसण्यातच सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, “मला ठाऊक होतं. त्या वेळी माझा नवरा कुणाला आठवणार? पण तू दार उघडलंस ना.”

आता उर्वी इथे परीक्षेच्या अभ्यासाला बसलीय. ऋत्विक तिच्या पुस्तकांवर गाड्या चालवतो. दर रविवारी ती त्वेरला फोन करायची. मग तिकडे ॲपवरचे कॉल लागेनासे झाले. ती बाईंच्या घरच्या जुन्या फोनवर करायला लागली, आवाज खरखरत यायचा, पण यायचा. बर्फ पडायला लागल्यापासून नुसती घंटी वाजते. “बागेत गेल्या असतील,” उर्वी पहिल्यांदा म्हणाली. त्यांची गावाबाहेर भाजीची बाग आहे. पण हिवाळ्यात तिथे कुणी जात नाही, हे तिनेच मला सांगितलेलं. ड्रोनच्या बातम्या येतात, त्यात त्या गावाचं नाव दिसलं की ती चॅनल बदलते. तिचे सोबती सगळे परतलेत. सैबेरियातल्या मुलाचा नंबर तिच्याकडे नाही. परवा बघितलं तर पुस्तक उघडं आणि पान सकाळचंच. तेव्हा मी हे लिहायला घेतलं.

आपल्याकडची किती मुलं तिकडे आहेत ते मला माहीत आहे. चिपळूण, लांजा, कोल्हापूर, कुठकुठची. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचा मुलगा, मुलगी, भाची त्वेरला असेल तर त्यांना एवढं सांगा. गावाच्या मध्यातून जुना पूल ओलांडला की त्या व्यापाऱ्याचा पुतळा येतो. त्याच्या मागच्या गल्लीत पाच मजल्यांची पिवळी इमारत आहे, तळमजला, डावीकडचं दार. दुपारी जा, तेव्हा त्या झोपत नाहीत. जोरात वाजवा, ऐकायला कमी येतं. उघडलं तर उर्वीचं नाव सांगा नि आत जाऊन बसा, घाई करू नका. नाही उघडलं तर समोरच्या दारी विचारा, तिथल्यांनी उडवून लावलं तर वरच्या मजल्यावर विचारा. गालीना पेत्रोव्ना, शाळेत भूगोल शिकवायच्या, असं म्हणा. आणि जे काही कळेल, कसंही असो, ते मला कळवा.